साडूची बॅग

बॅगा दुरुस्त करणाऱ्यानं प्रवास करू नये असा काही कायदा नाही. पण कुलूपशेठ पंचवीस वर्षांत दुकान सोडून फारसे कुठे गेले नव्हते. नंबर विसरलेलं कुलूप ते चाचपत चाचपत मिनिटात उघडत, म्हणून हे नाव. लोकांच्या बॅगा जग फिरून यायच्या, हे त्यांच्या चेन बदलायचे, हॅन्डल बसवायचे आणि जळायचे. हो, जळायचेच, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणा?

तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःसाठी अल्बानिया शोधून काढला. समुद्र आहे, डोंगर आहे आणि युरोपात असूनही खोली, जेवण, बस सगळं खिशाला झेपणारं. कुठून कुठे बस, कोणत्या गावात मुक्काम, सप्टेंबरात गर्दी ओसरते पण पाणी कोमट असतं, सगळं वहीत उतरवलं. नातेवाइकांत एकदा हौसेनं सांगितलं, तर साडू पोट धरून हसले. हा देश नकाशावर तरी आहे का, म्हणाले.

आणि परवा तेच साडू दुकानात हजर. हातात निळी ट्रॉली बॅग, एक चाक निखळलेलं. अल्बानियाची तिकिटं निघाली, शनिवारी विमान, कल्पना मात्र तुमचीच बरं का, म्हणाले. मजुरीचा विषय अर्थातच निघाला नाही, घरचंच दुकान.

कुलूपशेठांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! तोंडानं ते "वा वा" म्हणाले. साडूंची पाठ वळताच त्यांनी भंगाराचा डबा उपसला, झिजून निम्मं झालेलं चाक निवडलं, पॉलिश मारून नव्यासारखं केलं आणि बसवलं. दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी ऐन चढावर हातात येईल. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शीळ घालत केलं.

साडू संध्याकाळी बॅग घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुलूपशेठ दुपारी जेवायला घरी आले, तर तीच बॅग पलंगावर उघडी, आणि बायको तिच्यात स्वतःचे कपडे भरतेय. साडू जाणारच नव्हते. दोघी बहिणी जाणार होत्या. तिकीट थोरलीनं काढलं होतं आणि हिनं दोन महिने नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तोंड पाडून बसला असता, आणि मग माझा पाय निघाला नसता." तिनं टॉवेलची घडी घातली. "तीन वर्षं तुम्ही वहीतच फिरताय. मला समुद्र बघायचाय हो."

साडूवर जळणं सोपं होतं. बायकोवर जळताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, तरी आतली आग काही विझेना.

"कपडे बाहेर काढ," ते म्हणाले.

"नाही काढणार." ती बॅगेपुढे आडवी येऊन उभी राहिली.

"चाक खराब आहे. मीच बसवलंय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. काय ते तिला कळलं असावं, कारण तिनं एकही प्रश्न विचारला नाही आणि एकेक कपडा उचलून पलंगावर ठेवला. कुलूपशेठ न जेवताच रिकामी बॅग घेऊन दुकानात गेले. चारही चाकं नवी घातली, दहादा फरशीवर ओढून पाहिली. परत आले, बॅग तिच्यापुढे ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले,

"दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये उजव्या खिडकीशी बस. डावीकडे नुसता डोंगर आहे."