गाडी पुसून होईपर्यंत

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या माणसानं लिहायला बसू नये, असं मला वाटायचं. सांगण्यासारखं जे काही असतं ते सगळं दुसऱ्याचं: दुसऱ्याची छाती, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची अब्रू. म्हणून इथं कुणाचं नाव नाही, आणि ज्या मळ्याबद्दल सांगणार आहे त्याची वाटही मी थोडी बदलली आहे. ज्याच्यासाठी लिहितेय तो मात्र पेशंट नाही. तो माझ्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्याकडे त्याला पायलट म्हणतात. अंजनगाव सुर्जीच्या गाडीवर आम्ही काही वर्षं एकत्र काढली, आणि आता त्याच्यावाचून मला करमत नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी भलता अर्थ काढू नये. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ, आणि त्याची बायको माझ्यासाठी डब्यात वेगळा ठेचा द्यायची.

आमचं प्रशिक्षण अमरावतीला झालं. कायदा, नीती आणि स्वास्थ्य असे तीन तास होते. माणूस शुद्धीवर असेल, त्याला समजत असेल, तर त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तो नाही म्हणाला तर धोका समजावून सांगायचा, पुन्हा एकदा विचारायचं, आणि तरीही नाही म्हणाला तर त्याचं ऐकायचं. निघताना फक्त सांगायचं, कधीही बोलवा. हा झाला कायदा. जे पाहिलं-ऐकलं ते गाडीबाहेर न्यायचं नाही, ही नीती. स्वास्थ्याचा तास जेवणानंतर होता आणि सरांसकट सगळ्यांना पेंग येत होती. पुरेसं झोपा, पाणी प्या, मनातलं कुणाशी तरी बोला. कुणाशी, असं मी विचारलं, कारण आधीच्याच तासाला आमची तोंडं शिवून झाली होती. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, आणि चहाची सुट्टी झाली.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पायलटच्या शेजारच्या सीटवर मिळालं. पेशंटला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात सोपवलं की आमचं काम संपतं. पुढं काय झालं याची नुसत्या उत्सुकतेपोटी चौकशी करायची नाही. घरच्यांनी देव पाण्यात घातलेले असतात, आपण त्यांच्यासोबत जीव मुठीत धरून दीड तास आलेलो असतो, आणि दार बंद झालं की आपण परके. मला याचा संताप यायचा. भाऊ संतापायचा नाही. रिकामी गाडी घेऊन परत निघालो की तो त्या माणसाचं पुढचं आयुष्य रचायचा. "बुढा आता घरी आला असन," तो म्हणायचा, "अन् भाजीत मीठ नाई म्हणून सुनेवर खेकसून राहिला असन." मग मी त्यात भर घालायची. अंजनगाव येईपर्यंत आमचा पेशंट ठणठणीत झालेला असायचा. हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण त्या खोट्यावर मला झोप लागायची.

आता तो मळा. पानमळा म्हणजे देवाची जागा, विड्याच्या वेलींत पायात काही घालून जात नाहीत, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत होतं, पण आत एक म्हातारा छाती धरून बसलाय असा फोन होता, आणि माझ्या पायात लेसवाले बूट. दारात बाया म्हणाल्या, बूट काढा. मी म्हटलं, आत काटा लागला, काच लागली तर कोण बघणार? माझा नाकावरचा राग तसाही प्रसिद्ध आहे. तोवर भाऊ चपला काढून स्ट्रेचरचं एक टोक धरून उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. मी बडबडत लेस सोडल्या.

आत वेलींच्या गार सावलीत म्हातारा पाटाच्या कडेला बसला होता. मी छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली, ती चांगली नव्हती. त्याला सांगितलं की हृदयाचं दुखणं दिसतंय, अमरावतीला न्यायला हवं, नाही नेलं तर जीवही जाऊ शकतो. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, आज पानं खुडायची आहेत, मी येत नाही. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा नाही म्हणाला. पोरं म्हणाली, मॅडम, उचला बापाले, आमी सांगतो ना. पण पोरांच्या हो म्हणण्याला अर्थ नसतो. माणूस शुद्धीवर होता, त्याला कळत होतं, तो नाही म्हणत होता. मी कागदावर त्याची सही घेतली, कधीही बोलवा म्हटलं, आणि आम्ही बाहेर आलो.

केस संपली की गाडी पुसायची आणि मगच ती पुढच्या केससाठी 'मोकळी' म्हणून कळवायची, असा नियम आहे. पेशंट गाडीत आलाच नव्हता, गाडी लख्ख होती. भाऊनं फडकं काढलं आणि पुढची काच पुसायला लागला. मला वाटलं याला काय झालं. त्यानं एकदा मळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दुसरं फडकं माझ्या हातात दिलं. मग मला कळलं. आम्ही दोघांनी ती स्वच्छ गाडी अशी पुसली, जशी सणाला घरंही पुसत नाहीत. स्ट्रेचर पुसलं, दारं पुसली, चाकं पुसली. काच तर भाऊनं परत परत पुसली. उचलून न्यायचा अधिकार आम्हाला नव्हता, पण पुसायला किती वेळ लावायचा हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. वेलीआडून म्हातारा आमच्याकडं बघत होता.

शेवटी तो स्वतःच चपला हातात घेऊन हळूहळू दाराशी आला. म्हणाला, "तुमी जाऊन नाई राहिले, म्हंजे मामला खराबच दिसते. चला." आम्ही त्याला पोचवला. परतवाटेवर भाऊनं त्याला नातीच्या लग्नात नाचवला. खरं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर फडकं ही आमची रीत झाली. कुणी नाही म्हणालं की सही घ्यायची, आणि पुसायला लागायचं. कधी माणूस यायचा, कधी नाही यायचा. बोलावं लागायचं नाही.

मग ती पोरगी आली. चार-पाच वर्षांची, अंगणातल्या हौदात पडलेली. मी मागं तिला श्वास देत होते आणि भाऊ गाडी हाकत होता, त्याला मागचं सगळं ऐकू येत होतं. दवाखान्यात सोपवली तेव्हा धुगधुगी होती. दार बंद झालं. परत येताना मी वाट बघत राहिले की आता तो काहीतरी रचेल. अंजनगाव आलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही. पुढं त्याची झोप गेली. डॉक्टरांकडंही जाऊन आला. काही दिवसांनी काम सोडून तो पातूरकडं, आपल्या फुलांच्या शेतावर निघून गेला.

माझी अकोल्याला बदली झाली. नवे पायलट भले आहेत, पण परत येताना ते मोबाईलवर गाणी लावतात. मी खिडकीतून बघत राहते. इतकी माणसं माझ्याजवळ अर्धवट पडून आहेत, त्यांना पुढं नेणारं कुणी नाही. घरी सांगता येत नाही, बाहेर सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येत होतं तो झेंडू लावतो. मला त्याची फार आठवण येते.

म्हणून दोनेक वर्षांनी आमच्या गाडीवर जागा रिकामी झाली तेव्हा मी स्कूटी काढली आणि थेट पातूर गाठलं. भाऊ बांधावर होता, अंगानं भरला होता. बायकोनं चहा दिला. मी सांगितलं, अकोल्याची गाडी आहे, घरून जवळ, दिवसाचीच ड्यूटी मागून घेऊ, तुमचं नाव मी आजच कळवते. सगळं ऐकून त्यानं कप खाली ठेवला.

"ताई, मी येत नाई," तो म्हणाला. "तुमच्यासंगं बोलणं मले लय आवडे. पण आता मले झोप लागते."

मी पुन्हा एकदा सांगितलं. तो पुन्हा नाही म्हणाला. माणूस शुद्धीवर होता, त्याला समजत होतं. कायदा मला पाठ होता आणि जन्मात पहिल्यांदा तो मला नकोसा झाला. मी म्हटलं, बरं भाऊ, कधीही बोलवा.

स्कूटीजवळ आले. डिकीतून फडकं काढलं आणि आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छ होता. मान वर करायची हिंमत होत नव्हती, कारण डोळे भरले होते. झेंडूतून पावलं वाजली. भाऊ येऊन पलीकडं उभा राहिला, गळ्यातला दुपट्टा काढला आणि दुसरा आरसा पुसू लागला. येतो म्हणाला नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं, आरशाकडंच बघत तो म्हणाला, "ते हौदातली पोरगी. दुसरीत गेली असन आता."

माझा हात थांबला. मग मी म्हटलं, "गणितात कच्ची असन."

"मास्तरीन रोज मारून राहिली असन," भाऊ म्हणाला.

मग दोन्ही आरसे पुसून झाले, आणि मला निघावं लागलं.