मिरचीचा ठसका आणि तोंडावरची पट्टी

शेजारी कुणी मिरची भाजायला घेतली की मला ती दुपार आठवते. घोरणं थांबावं, नाकानंच श्वास घ्यायची सवय लागावी म्हणून बाबा मोबाइलवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपणार होते. "काहून भिऊन राहिली वं? नाक मोकळं आहे माझं," ते म्हणाले. तरी पटकन ओढता यावं म्हणून मी पट्टीचं एक टोक दुमडून ठेवलं. कूलरच्या गारव्यात ते झोपले. घोरणं ऐकू येईना, तशी मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी भिवापुरी मिरची कढईत टाकली आणि कूलरनं तो सगळा ठसका ओढून खोलीत सोडला. बाबा दचकून उठले. डोळे वाहत होते, नाक बंद झालं होतं आणि खोकला मिटलेल्या तोंडातच अडकला होता. त्यांचे हात नुसतेच गालांवरून फिरत राहिले. मी दुमडलेलं टोक धरून पट्टी ओढली, तिच्यासोबत मिशीचे केसही आले. आता बाबा पट्टी लावत नाहीत, मनसोक्त घोरतात. तरी मिरचीचा वास आला की मी आधी कूलर बंद करते आणि त्यांचं घोरणं ऐकू येईपर्यंत दारात उभी राहते.