तीनचाकीचं मडगार्ड

विद्यापीठातल्या आमच्या संस्थेचा अपंगत्व आणि तंत्रज्ञानावरचा ब्लॉग आम्ही दोघं संशोधक लिहायचो. माझा पाय पोलिओनं गेलेला, मित्र जन्मापासून आंधळा. संस्थेत लोक आमच्याशी देवळात बोलावं तसं हळू बोलायचे. त्याचा आम्हाला भयंकर कंटाळा यायचा.

कापूस बुडून शेतकऱ्यांचे हाल झाले होते, ती ही वर्षं; गावोगाव जीपमधून कुणी ना कुणी चौकशीला यायचं. संस्थेनं बनवलेली, हातानं चालवायची तीनचाकी घेऊन आम्ही आर्णीजवळच्या एका गावात गेलो. तिथं पंक्चर काढणाऱ्या एका बाईंना ती चालवायला द्यायची आणि मग त्यावर लिहायचं, असं ठरलं होतं. त्यांनाही चालता येत नव्हतं.

जीप पाहून त्या म्हणाल्या, "कापसाचं विचारायले आले काय?"

"नाही, गाडी दाखवायला."

दाखवायला म्हणून मीच बसलो आणि दुकानासमोरच्या शेतरस्त्यावरच्या काळ्या चिखलात रुतलो. मित्रानं मागून जोर लावला आणि मला थेट पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, घातलं.

बाई पोट धरून हसल्या. "एकाले चालता येत नाही, एकाले दिसत नाही, अन् गाडी दोघायच्या वरताण!"

आम्ही गाडी कशीबशी ओढत दुकानापाशी आणली. चिखल चाक आणि मडगार्डाच्या मधे गच्च बसला होता. बाईंनी दुकानातली लोखंड कापायची करवत घेऊन मडगार्डच कापून टाकलं. चाकं फिरली.

"हे कायले लावलं होतं?"

मी तो प्रश्नही टिपून घेतला. ब्लॉगवर आम्ही सगळं जसंच्या तसं लिहिलं. गाडी बनवणारे सर महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. पुढच्या गाडीला मडगार्ड नव्हतं. ते आपल्यालाच सुचलं, असं सर सगळ्यांना सांगत होते.