झोपलेला पंखा

दवाखान्यात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कानांच्या डॉक्टरांकडे आलेल्या माणसाच्या डोक्यावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि यंत्रातून टूं... टूं... असे बारीक-जाड आवाज सोडायचे, हे त्यांचं काम. ऐकू आलं की माणसानं बटण दाबायचं. एकदा एका आगाऊ पोरीनं जाताजाता ‘टूंटूंबाई’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते बावीस वर्षं निघालं नाही. आता डॉक्टरसुद्धा चुकून तेच म्हणून जात आणि मग उगाच खोकत.

बाई कामात काटेकोर, म्हणजे इतरांना वैताग येईल इतक्या. तपासणीच्या खोलीत घड्याळ नको, ते टिकटिकतं. चपला बाहेर, त्या करकरतात. नोंदी ठेवायचा जुना कॉम्प्युटर सतत घुरघुरायचा, म्हणून त्याची पेटी त्यांनी बोळात हद्दपार केली होती आणि भिंतीला भोक पाडून तारा आत घेतल्या होत्या.

“माझ्या भिंतीला भोक पाडताना मला विचारलंत?” डॉक्टर म्हणाले होते.

“विचारलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नसेल,” बाई म्हणाल्या होत्या.

मग तो कॉम्प्युटर मेला. नवा आणताना बाईंनी हट्टच धरला, अजिबात आवाज न करणारा हवा. आवाज करतो तो मुख्यतः पॉवर सप्लायचा पंखा. पॉवर सप्लाय म्हणजे पेटीतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॉम्प्युटरवाल्यानं भारीतला डबा बसवला आणि पेटी चालू करून दाखवली. “बघा, पंखा फिरतसुद्धा नाही.” बाईंनी पेटीला कान लावला. खरंच काही नाही. त्या दिवशी बाई इतक्या खूश होत्या की त्यांनी त्याला आग्रह करून दोनदा चहा पाजला. पेटी बोळातून आत आली आणि तपासणीच्या खुर्चीशेजारी, टेबलाखाली, भिंतीला टेकून बसली. हे सगळं बाईंच्या सांगण्यावरून झालं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं, किंवा तसं वाटलं. मग एका दुपारी एक निवृत्त मास्तर खुर्चीत बसले होते. जाड आवाज चालू होता आणि मास्तर ढिम्म. बाई आवाज वाढवत होत्या, मास्तर समोर भिंतीकडे बघत होते. तेवढ्यात त्यांनी पाय पसरला, टेबलाखालची वायर उपटली गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. आवाज सोडायचं यंत्र वेगळं होतं, ते चालूच होतं. त्याच क्षणी मास्तरांनी बटण दाबलं.

“आता येतंय की ऐकू,” मास्तर म्हणाले.

बाई मात्र जागच्या जागी थिजल्या. कारण खोलीत एकदम शांतता पडली होती, आणि शांतता पडायची तर आधी आवाज असावा लागतो.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं आणि जीभ चावली. “बाई, हा पंखा बंद नसतो, झोपलेला असतो. आत ऊब वाढली की उठतो. तुम्ही पेटी भिंतीला चिकटवलीत, खोलीला खिडकी नाही, दार दिवसभर बंद. तासाभरात तो उठत असणार. मग हळूहळू जोर धरत जातो. एकदम आला असता तर तुम्हाला कळलं असतं.”

“तपासनीस वर्षातून एकदा खोलीचा आवाज मोजून जातो. त्याला कसं नाही कळलं?”

“किती वाजता येतो तो?”

तपासनीस सकाळी, दवाखाना उघडताना येत असे.

बाईंनी आठ महिन्यांचे आलेख काढले आणि दिवसागणिक लावले. दिवसाचे पहिले दोन-तीन लोक ठणठणीत. पुढचे सगळे जाड आवाजाला कमी पडलेले. जणू सकाळी चांगल्या कानांची माणसं येत होती आणि दुपारी बहिरी. पंख्याच्या घरघरीत त्यांचा टूं बुडून जात होता, आणि बाई त्याच घरघरीत बसून लोकांच्या कानांना नावं ठेवत होत्या. बहुतेकांचा फरक किरकोळ होता, पुन्हा बोलावून तपासलं की भागणार होतं. एका कागदाशी मात्र त्या थांबल्या.

तो कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या एका गृहस्थांचा, क्रेनवाल्यांचा होता. कारखान्यानं वार्षिक तपासणीला माणसं पाठवली होती, त्यात यांचा नंबर बारावा. वय छप्पन्न, तीस वर्षं क्रेनवर. खालच्या माणसाची हाक वर ऐकू यायलाच हवी, म्हणून या कागदावरून त्यांना क्रेनवरून उतरवून गोदामाच्या दारात बसवलं होतं. ते बाईंना चांगले आठवत होते, कारण मध्येच हेडफोन सरकवून ते म्हणाले होते, “बाई, खोलीत काहीतरी घरघरतंय.” आणि बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, “यंत्रांत काम करणाऱ्यांच्या कानात तसं वाजतं.” कागदावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: कानात सतत घरघर होत असल्याची तक्रार.

त्या दिवशी खोलीत नीट ऐकू येणारा माणूस एकच होता, आणि त्याचं ऐकणंच बाईंनी रोग म्हणून लिहून घेतलं होतं. बावीस वर्षांत त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. “कुणी तक्रार केलीय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग गुपचूप फेरतपासणीला बोलवा सगळ्यांना. आपली चूक झाली असं कशाला लिहायचं?”

“क्रेनवाल्यांचं लिहावंच लागेल. नाहीतर कारखाना म्हणेल, आठ महिन्यांत कान कसे बरे झाले?”

डॉक्टर बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. शेवटी म्हणाले, “सही तुमची. माझी नको.” बाईंना तेच हवं होतं.

पेटी पुन्हा बोळात गेली आणि बाई क्रेनवाल्यांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. क्रेनवाले खिडकीशी स्टुलावर बसून बुटाला टाका घालत होते. त्याच कागदावरून घेतलेलं कानाचं मशीन खिडकीच्या कठड्यावर पडलं होतं.

“मोठ्यांदा बोला हं ताई,” बायको म्हणाली. “मशीन काढलं की काही म्हणजे काही कळत नाही यांना. आधी मी ओरडून ओरडून घसा फोडून घेतला, आता नाद सोडला. बसतात आपले तिथं, कपाटासारखे.”

हे ती त्यांच्या पाठीशी उभी राहून बोलली, अगदी साध्या आवाजात. क्रेनवाल्यांनी टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि मान वर केली नाही. बाईंना वाटलं, त्या दिवशी घरघर ऐकलेला माणूस हे ऐकत नसेल? पण बायकोसमोर हे कसं बोलणार? त्यांनी ओरडून एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी फेरतपासणी आहे.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाले वेळेआधी आले. बाईंनी खोलीचा आवाज दोनदा मोजला आणि मग टूं सोडायला सुरुवात केली. अगदी तळाचा आवाजसुद्धा त्यांनी चुकवला नाही. आलेख सरळ, पंचविशीतल्या माणसाला लाजवेल असा.

बाईंनी हेडफोन उतरवले आणि सगळं सांगितलं. पंखा, पेटी, स्वतःचा हट्ट, ती घरघर. काही लपवलं नाही. “तुमचे कान कधी खराब नव्हतेच. चूक माझी आहे. कारखान्याला मी तसं लिहून देते, तुम्ही पुन्हा वर चढाल.”

त्यांना वाटलं होतं, माणूस भडकेल. भडकला असता तर बरं झालं असतं. क्रेनवाले नुसते बटणाची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “पहिले दोन महिने घरात भांडत होतो, मला ऐकू येतं म्हणून. कुणी मानेना. कागदावर लिहिलंय म्हणायचे. ते मशीन कानात घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात शिरायचा, म्हणून काढून ठेवायला लागलो. मग सगळे माझ्यासमोर मोकळं बोलायला लागले.”

“काल ऐकलं मी. कपाट म्हणाल्या तुम्हाला.”

“ते काहीच नाही.” ते जरासे हसले. “आधी मला बरंच काही म्हणून झालं तिचं. पण मग ती माझ्याशी बोलायला लागली. संध्याकाळी भाजी निवडत बसते ना, तेव्हा. कुणीतरी समोर हवं म्हणून. मला ऐकू येत नाही, म्हणून. लग्नापासून सगळं सांगत आलीय, ओळीनं, रोज थोडंथोडं. बत्तीस वर्षांत माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मी जिवाचा कान करून ऐकतो आणि तोंड कोरं ठेवतो.”

“पण तुमचं काम? क्रेन?”

“क्रेन हवीच आहे मला. त्या दारात बसून जीव विटलाय.” त्यांनी वायर सोडली. “बाई, आमची एक धाकटी होती. सहा वर्षांची. तापात गेली. मी दोन पाळ्या लागोपाठ वर होतो, निरोप मिळून खाली येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्या दिवशी घरात काय झालं, पोर काय म्हणाली, मला हाक मारली का, ते मी कधी विचारलं नाही. हिनं सांगितलं नाही. एकवीस वर्षं झाली.”

बाईंनी हात लांबवून यंत्र बंद केलं.

“परवा ती धाकटीच्या शाळेपर्यंत आली,” क्रेनवाले म्हणाले. “पहिला दिवस सांगत होती, दप्तर कसं ओढत नेलं ते. आता त्या दिवसाला फार राहिलं नाही. हा कागद आज गेला तर ती गप्प होईल. पुन्हा कधी बोलायची नाही, मला माहितीय. थोडे दिवस थांबाल?”

बाईंनी सकाळीच लिहून आणलेलं कारखान्याचं पत्र टेबलावर होतं. खाली त्यांची सही होती. त्यांनी ते उचललं, घडी घातली आणि विचारलं, “मला कसं कळणार, आता पाठवायचं म्हणून?”

“मी येईन सांगायला,” क्रेनवाले म्हणाले. कठड्यावरून आणलेलं मशीन त्यांनी खिशातून काढलं, कानात न घालता मुठीत धरलं आणि ते घरी निघाले.