सहाव्या ओळीत सगळी शून्यं होती

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी माझी शाळा घ्यायला येऊ नका. या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे ती फक्त तुमच्याशी भांडायला. चकवा, मुंजा, पांढऱ्या साडीतली बाई... प्रत्येक पोस्टखाली "पुरावा काय?" असं विचारणारी ती मीच. कॉलेजपासून बुवाबाजीच्या विरोधात पत्रकं लिहिलीत, छापून आणलीत, सिग्नलला उभी राहून वाटलीत. अंगात आलेल्या बाईला तोंडावर "हे ढोंग आहे" म्हणालेय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे आज हे लिहिताना मला लाज वाटतेय. पण न लिहिण्याची जास्त वाटायला लागलीय, म्हणून लिहितेय.

वाघोलीच्या पलीकडे एक स्टोन क्रशर आहे. नाव देत नाही. डोंगर फोडायचा, दगड भरडायचा, खडी करायची. त्याच खडीवर टॉवर उभे राहतात, आणि मग त्याच टॉवरमधले लोक बाल्कनीत धूळ येते म्हणून अर्ज करतात. बाल्कनीत येते ना? मग जी बाई दिवसभर त्या मशीनच्या तोंडाशी उभी आहे तिच्या छातीत काय जात असेल? मी आणि त्या टॉवरच्या सोसायट्या, आमची सगळी मोहीम या एका प्रश्नावर उभी होती. मागणीही एकच, पत्रकावर जाड अक्षरात — क्रशर ताबडतोब बंद करा!

पण पत्रक कुणी वाचत नाही, हे पत्रक लिहिणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. म्हणून ठरवलं की या वेळी वाचायला द्यायचंच नाही, ऐकवायचं. क्रशरवरच्या आठ कामगारांचे आवाज रेकॉर्ड करायचे, हॉलमध्ये गोल आठ स्पीकर ठेवायचे आणि मधे प्रदूषण खात्यातल्या अधिकाऱ्यांना बसवायचं. चहूबाजूंनी माणसं बोलतायत... बघू कसे उठून जातात!

हे जमवलं ओंकारने. ओंकार माझा कॉलेजचा मित्र, साउंडचं शिकतो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. त्याच्याकडे ते व्हिज्युअल प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर आहे — कोड लिहायचा नाही, स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि एकाच्या पोटातून वायर काढून दुसऱ्याच्या डोक्यात खुपसायची. त्याला तो पॅच म्हणतो. आठ आवाज आणि आठ स्पीकर, म्हणजे चौसष्ट वायरी. माझं डोकं गरगरलं.

"अगं, चौसष्ट कशाला? एक मॅट्रिक्स पुरतो," तो म्हणाला. "आठ ओळी म्हणजे आठ माणसं. आठ उभे रकाने म्हणजे आठ स्पीकर. चौकटीत आकडा टाकायचा — एक म्हणजे पूर्ण आवाज, अर्धा म्हणजे अर्धा, शून्य म्हणजे गप्प. आणि दर वीस सेकंदांनी या मॅट्रिक्सला दुसऱ्या एका मॅट्रिक्सने गुणायचं, की सगळे आकडे एकेक घर पुढे सरकतात. आवाज हॉलभर फिरतात. बारावीत झोपली नसतीस तर कळलं असतं."

कळलं मला. आणि त्यातली एक गोष्ट फारच नीट कळली... एखाद्या ओळीत आठही शून्यं टाकली, की त्या मॅट्रिक्सला कशानेही गुणा, ते माणूस कुठल्याच स्पीकरमधून बोलत नाही.

सहावी ओळ गयाबाईंची होती.

गयाबाई यवतमाळकडच्या. नवरा क्रशरवरच गेला, नंतर त्या लागल्या. क्रशरच्याच पत्र्याच्या खोलीत राहायच्या. सोबत मुलगी रेखा आणि रेखाची दोन वर्षांची लेक. मी एका दुपारी तिथे रेकॉर्डर घेऊन गेले. धूळ, खोकला, डॉक्टरने काय सांगितलं, सगळं बोलल्या. दर वाक्याला खोकायच्या आणि खोकून झालं की "हाओ" म्हणायच्या, जणू खोकल्यालाच होकार देतायत. बाकी सातजण सोलापूर-उस्मानाबादकडचे, त्यांच्यात "हाओ" म्हणणारं कुणीच नव्हतं, हे लक्षात ठेवा. मग मी विचारलं, "मावशी, मग क्रशर बंद झाला पाहिजे ना?"

"नाही नाही, बंद नका करू बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाणी मारा म्हणा त्याईले. पाण्यानं धूळ बसते. बंद केलं तं खोल्या जातीन. खोल्या त्याईच्याच हायेत. लेकराले घेऊन आमी जावं कुठं?"

मी रेकॉर्डर बंद केला. वायर गुंडाळली आणि निघाले.

पंधरा दिवसांनी गयाबाई गेल्या, सरकारी दवाखान्यात, श्वास न पुरून. रेखाला भेटायला गेले तेव्हा तिने एकच विचारलं, "ताई, मायचा आवाज हाय ना तुमच्यापाशी? फोनमधी येकबी नाही माह्या." मी म्हटलं, आहे, हॉलमध्ये लावणार आहोत, तू ये. शब्द दिला मी तिला.

आणि मग तीच सहावी ओळ मी शून्य केली. ओंकार म्हणाला होता, "शेवटचा तुकडा कापू आणि बाकीचं लावू." मी म्हटलं, नाही, माणसाचं बोलणं सोयीने कापणं हा खोटेपणा आहे. त्यापेक्षा लावायलाच नको. तेव्हा हे मला प्रामाणिक वाटलं होतं!

हॉल विश्रांतवाडीत मिळाला, कारण वाघोलीत आमचं नाव ऐकल्यावर प्रत्येक हॉल "आधीच बुक" होत होता. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला. शनिवारी सकाळी अकराला आम्ही दोघं ट्रायलला गेलो. हॉल रिकामा. लख्ख ऊन. सात आवाज सुरू झाले, वीस सेकंदांनी एकेक घर सरकायला लागले. छान चाललं होतं. तिसऱ्या फेरीला खिडकीजवळच्या चार नंबरच्या स्पीकरमधून कुणीतरी खोकलं.

आणि म्हणालं, "हाओ."

मी ओंकारकडे बघितलं. तो आधीच स्क्रीनवर वाकला होता. त्याने मॅट्रिक्सचे आकडे काढून दाखवले. सहावी ओळ — शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

"शून्यातून खोकला येत नाही, मधुरा."

"मग आला कुठून?"

"तुझ्या सदसद्विवेकबुद्धीतून," तो म्हणाला. पण हसला नाही. पॅच बंद करून पुन्हा चालू केला. पाच मिनिटं फक्त ते सात आवाज फिरले, आणि पुन्हा चार नंबरमधून तेच, खोकला आणि "हाओ". मला अजून खटकतं ते हे की बाकीचे आवाज गोल फिरत होते, एकेक करून चार नंबरवरून जात होते... आणि हा तिथेच बसून होता. मॅट्रिक्सचं गुणाकाराचं काम सुरू असताना एक आवाज एका जागी राहूच शकत नाही. ओंकारने हे मला तीनदा समजावलं. स्वतःलाही समजावत असावा.

शेवटी त्याने गयाबाईंची फाइल लॅपटॉपवरून काढून टाकली. मूळ रेकॉर्डिंग फक्त माझ्या घरी पेन ड्राइव्हवर राहिलं. सहाव्या ओळीला जाणारी वायरही त्याने उपटली. "आता मागे काही जोडलेलंच नाही. बोलेल कोण?"

त्या संध्याकाळी रेखाला फोन करून "येऊ नकोस" किंवा निदान "आईचा आवाज नाहीये" एवढं सांगायला हवं होतं. नंबर काढला, आणि तसाच ठेवून दिला.

रविवारी रेखा साडेतीनलाच आली, दोन बस बदलून, लेकीला कडेवर घेऊन. इस्त्रीची साडी. मला म्हणाली, "मायचा आवाज कोणत्या डब्ब्यातून येईन ताई? तिथं बसतो." मी म्हटलं, "फिरतो तो. कुठेही बस." ती खिडकीजवळ बसली, लेकीला वारा लागावा म्हणून. चार नंबरच्या शेजारी. मी सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं.

अधिकारी आले. पन्नासेक माणसं होती. सोसायट्यांची मंडळी पुढच्या रांगेत. ओंकारने पॅच सुरू केला. सात आवाज फिरायला लागले. साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला. दहा मिनिटं झाली आणि मला वाटलं, जिंकलो.

मग चार नंबरमधून खोकला आला. "हाओ."

रेखा ताठ बसली. "माय," ती हळूच म्हणाली.

"...बंद नका करू बाप्पा. पाणी मारा म्हणा त्याईले..." स्पष्ट आणि अख्खं! पत्र्याच्या खोलीचा तो घुमारासुद्धा. खोल्या जातीन, लेकराले घेऊन आमी जावं कुठं... ओंकारने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शून्यं. आठही शून्यं! जी फाइल त्या लॅपटॉपवर नव्हतीच ती बोलत होती. तरीही माझं डोकं त्या क्षणी काहीतरी शोधत होतं — कुठेतरी कॉपी राहिली असेल, लॅपटॉपच्या कॅशमध्ये असेल, काहीतरी असेल. रेकॉर्डिंग होतं ना? मग कुठून तरी वाजतंय.

मग रेकॉर्डिंग संपलं, आणि आवाज थांबला नाही.

"बटन दाबलं का वं पोरी? मी तं अजून बोलूनच राहिली."

हे वाक्य कुठल्याच फाइलमध्ये नाही. ते त्या बोलल्या होत्या, त्या दुपारी, त्या खोलीत, पण मी रेकॉर्डर बंद केल्यानंतर. ते वाक्य या जगात फक्त एका माणसाने ऐकलं होतं, आणि ते माणूस मी आहे.

"रेखाले सांगजो..."

मी प्लग उपटला.

का, ते मला विचारू नका. भीती होती, पुढच्या रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते, साहेब बघत होते... हात गेला आणि बोर्डातून प्लग बाहेर. आठही स्पीकर मेले.

"हे तुमच्या निवेदनात नाही," साहेब म्हणाले. "या बाई तर बंद करू नका म्हणतायत."

मी उभी राहून म्हणाले, "सॉरी सर, ती तांत्रिक चूक आहे. तो आवाज कार्यक्रमाचा भाग नाही."

"चूक कशी काय ताई?" रेखा मागून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माही माय हाय थे."

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. ती लेकीला घेऊन उभी राहिली आणि पाणी, तोंडाला बांधायचं, खोल्या — सगळं चार वाक्यांत बोलली. त्यांनी लिहून घेतलं. आज तिथे मशीनवर पाणी मारतात, रोज नाही, पण मारतात. खोल्या अजून आहेत. त्यावरून सोसायटीवाले माझ्याशी बोलत नाहीत, बोलूही नये त्यांनी. हे जे झालं त्याचं श्रेय मी घेणार नाही, मी तर प्लग काढणारी.

आता तुम्ही सुचवाल ते सगळं आमचं करून झालंय. ओंकारने पॅच त्याच्या सरांना दाखवला, त्यांनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, यातून सहावा आवाज निघणं शक्य नाही. दोनजणांच्या मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड झालाय, म्हणजे मला भास झाला हेही नाही. मी दोन्ही क्लिप्स पेन ड्राइव्हवरच्या मूळ फाइलशी लावून ऐकल्यात. "जावं कुठं"पर्यंत तंतोतंत तेच. पुढचं मूळ फाइलमध्ये नाही. कुणी नक्कल केली म्हणावं तर ते वाक्य कुणाला माहीत होतं? मला. मी केली नाही. माझ्याकडे यावर स्पष्टीकरण नाही. हे वाक्य मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

पण मी ही पोस्ट त्यासाठी लिहिलेली नाही.

कार्यक्रम संपल्यावर रेखा माझ्याजवळ आली. घाबरलेली नव्हती अजिबात. म्हणाली, "ताई, तुमी तं तिथं होत्या ना. थे वाक्य पुरं काय होतं? रेखाले सांगजो — काय सांगजो?"

होते ना मी तिथे. दारात उभी होते, हातात वायर होती, रिक्षावाला थांबला होता. गयाबाई बोलत होत्या, चांगल्या पाच-सात मिनिटं बोलत होत्या, आणि मी "हो मावशी, हो हो" म्हणत होते. रेखाचं नाव घेतलं हे आठवतं. हसल्या होत्या मधेच, हेही आठवतं. पण बटनाच्या त्या वाक्यापुढचा शब्द एकही आठवत नाही. मागणीचं बोलून झालं होतं, म्हणून मी ऐकतच नव्हते.

"आठवलं की सांगते," मी तिला म्हटलं.

ती दर रविवारी फोन करते. "आठवलं का ताई?" एवढंच विचारते, आणि मी नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवते. ओंकारने चार नंबरचा स्पीकर मला देऊन टाकलाय. रविवारी सकाळी मी पॅच लावते, सहावी ओळ तशीच शून्य ठेवते आणि समोर बसते. आजवर त्यातून काहीही आलेलं नाही. आता अकरा वाजत आलेत, आणि फोन वाजतोय.