डुमसच्या टेम्पोतला जावई

आता आधीच हसू नका, सांगू द्या मला. सुरतेत राहणारा कुणीही डुमसला समुद्रावर जातो. पण दुसऱ्याच्या खानदानाबरोबर, दुसऱ्याचा जावई होऊन जाणारा मी एकटाच असेन!

त्या वर्षीचा मे महिना. सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दोन्ही पोरांना घेऊन नंदुरबारकडे माहेरी गेलेली. मी नवागामच्या खोलीत एकटा. दिवसभर कारखान्यात लूमचा खडखडाट ऐकून कान बधिर व्हायचे, पण खरं सांगू? घरातली शांतता त्याहून जोरात ऐकू यायची. गल्लीत निम्म्या दारांना कुलपं. जे उरले होते ते सुट्टी म्हणून आज उकाईला, उद्या उनाईला.

मी कारखान्यातून आलो की सवयीनं ओरडायचो, "चहा टाक गं!" मग आपणच उठायचं. तेवढ्यात दूध उतू. एकदा पोरीचा लाल फ्रॉक माझ्या पांढऱ्या शर्टाबरोबर भिजवला. शर्ट झाला गुलाबी! आणि हसायलासुद्धा कुणी नाही हो घरात.

शेवटी शेजारच्या गिरधरला दया आली. म्हणाला, "रविवारी डुमसला चल. माझ्या मेहुण्यानं टेम्पो केलाय, निळ्या ताडपत्रीचा. सकाळी पर्वत पाटियाच्या चौकात जाऊन बसून घे. मी बहिणीकडून परस्पर तिथेच येतो."

मी उजाडायच्या आत दाढी करून तयार! चौकात पोचतो तर निळ्या ताडपत्रीचा टेम्पो उभाच. आत बायका, पोरं, डबे, आंब्यांची पाटी.

"डुमसलाच ना?" मी विचारलं.

"या या, जावईबापू! तुमचीच तर वाट पाहतोय," म्हणत एका आजीबाईंनी हात धरून मला वर ओढलं.

तुम्ही म्हणाल, जावईबापू म्हटल्यावर तरी शंका यायला नको? अहो, आमच्या सासुरवाडीचं कुत्रंही मला जावईच समजतं! मला वाटलं, गिरधरच्या मेहुण्याची माणसं नंदुरबारकडचीच असतील. टेम्पो सुटला. गिरधरचा पत्ता नाही. म्हटलं, झोपला असेल लेकाचा.

आजींनी चौकशी सुरू केली. "आमनी पोर माहेरलेच शे ना?"

"हो ना."

"मग तुमच्या जेवणाचे हाल!"

"ते तर विचारूच नका."

आता मला सांगा, यात एक तरी शब्द खोटा होता का?

मग आजी जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग काय व्हयनं? पोऱ्या का पोर?"

मला वाटलं, मुलंबाळं विचारतायत. मी छाती काढून सांगितलं, "एक पोऱ्या, एक पोर!"

 टेम्पोत एकच गिल्ला, "जुळं! जुळं झालं!"

त्या गोंधळातून मला एकेक कळत गेलं. आजींची भाची बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिच्या नवऱ्याला या मंडळींनी फक्त लग्नात पाहिलेलं, तेही मुंडावळ्यांआडून. तो चौकातून चढायचा होता, आणि चढलो मी!

"अहो, ऐका तरी..." मी तोंड उघडलं. पण ड्रायव्हरनं वाटेत गाडी थांबवली होती, पेढे आले होते, आणि उघडलेल्या तोंडात आजींनी पेढा कोंबला.

डुमसला उतरल्यावर सांगायचं ठरवलं. पण उतरल्याबरोबर पोरं "काका, काका" करत मला पाण्यात घेऊन गेली. बाहेर आलो तर गरम भजी. म्हटलं, भजी झाली की सांगू. मग भाकरी, ठेचा, आमरस. "घ्या ना अजून, दोन लेकरांचे बाप तुम्ही!" कुणीतरी माझ्याकडे बघून वाढतंय, हेच किती दिवसांनी घडत होतं. जेवण झाल्यावर आजींनी सुरूच्या झाडाखाली चादर अंथरली आणि म्हणाल्या, "पडा जरा. थकेल दिसतस."

सुरतेत तो अख्खा महिना कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. मी पडलो. डोळ्यांत पाणी आलं. वाळू गेली म्हणालो.

संध्याकाळी टेम्पो पर्वत पाटियाला परतला. तिथे एक तरुण हातात मिठाईचा खोका घेऊन उभा. "आत्याबाई, सकाळीच निरोप आला, म्हणून टेम्पो चुकला. मुलगी झाली!"

आजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मंग ह्या जुळा कोना शेतस?"

"माझेच आहेत, आजी," मी म्हणालो. "पण एक तिसरीत आहे आणि एक पहिलीत."

मला वाटलं, आता चपला पडणार! पण आजी ताडपत्रीला धरून अशा हसत सुटल्या, की सगळा टेम्पो हलायला लागला. जाताना त्यांनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. गिरधरचा टेम्पो, नंतर कळलं, चौकाच्या पलीकडच्या बाजूला माझी वाट पाहून निघून गेला होता.

घरी जावंसं वाटेना. एसटीडी बूथ गाठला. सुनंदाच्या गावात फोन फक्त किराणा दुकानात. दुकानदारानं तिला बोलावून आणलं. मी पेढ्यापासून चादरीपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी धीर करून म्हणालो, "ऐक ना, तू जरा लवकर येतेस का?"

 मला वाटलं, आता म्हणेल, उद्याचीच गाडी धरते.

पण ती म्हणाली, "एवढी चांगली माणसं भेटली होती, तर 'शाळा उघडेपर्यंत मला ठेवून घ्या' म्हणायचं ना त्यांना!"