हेडमास्तरांचा नेपाळातला उपास

सावित्रम्मा नाताळच्या सुट्टीत नेपाळला जाऊन आली, हे ऐकून तिच्या गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पासपोर्ट लागत नसला म्हणून काय झालं, परदेश तो परदेशच. पण सावित्रम्मा तिथं देव बघायला गेली नव्हती की बर्फाचे डोंगर बघायला. गेली होती चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापायला, आणि आली ती अठरा वर्षांचा हिशेब चुकता करून. यातलं पहिलं तिनं सगळ्यांना सांगितलं. दुसरं पोटात ठेवलं.

पंचाहत्तर सालची गोष्ट. बसलिंगप्पा नावाचा एक खटपट्या माणूस दर नाताळात शाळामास्तरांना यात्रा घडवायचा. सुट्टीला चार रजा जोडायच्या, सोलापुरातून बस सोडायची, काशी करून पशुपतिनाथ गाठायचा आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी घरी यायचं. लग्नकार्यात स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या सावित्रम्माला त्यानं आचारीण म्हणून ठरवलं. बस सुटायच्या दिवशी ती स्टो आणि पिठाचे डबे चढवत होती, तेव्हा पहिल्या बाकावर मफलर गुंडाळून बसलेला माणूस तिला दिसला. महादेवप्पा. हेडमास्तर, समाजाचे पंच आणि तिचे सख्खे थोरले भावजी. त्यांनीही तिला ओळखलं, पण दाखवलं नाही. "ए बाई, ती वळकटी नीट ठेव," एवढंच म्हणाले.

ही बाई आणि हे भावजी यांच्यात काय होतं ते सांगायलाच हवं. सावित्रम्माचा नवरा चन्नवीर गिरणीत मागावर होता. मागाच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून खात्यातले सगळे गळ्यातलं काढून खुंटीला लावत. चन्नवीरही लिंगायतानं जन्मभर गळ्यात बाळगायची ती इष्टलिंगाची डबी दोऱ्यासकट खुंटीला लावायचा. अपघातात तो गेला त्या दिवशी त्या गर्दीत डबी कुठं गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. लिंगायताला माती देताना त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. चन्नवीरचा तळहात रिकामा राहिला. महादेवप्पांनी नेमकं तेवढंच धरलं. ज्याच्या अंगावर लिंग नाही, त्याला घराण्याच्या शेतात माती नाही, असा निवाडा त्यांनी चारचौघांत देऊन टाकला. खरं कारण शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. शेतात समाधी झाली की त्या शेतावर विधवेचा पाय राहतो. चन्नवीर गेला रुद्रभूमीत, समाजाच्या सार्वजनिक दफनभूमीत, कुणाच्या तरी पायाशी. सावित्रम्मा वर्षभर भावजींच्या परसात उभ्यानं शिळी भाकरी खात राहिली आणि एक दिवस तीही बंद झाली. तेव्हापासून तिला या जगात एकच गोष्ट हवी होती. त्या शेतात चन्नवीरच्या समाधीचा चौथरा, आणि त्यापुढं भावजींचं डोकं.

नेपाळात पोखऱ्याला थंडी अशी होती की देवभक्तीची परीक्षाच व्हावी. सावित्रम्मानं पहाटेपासून हंडे भरून पाणी तापवलं, पण हेडमास्तरांनी अंघोळ टाळली, आणि अंघोळ टाळली म्हणून लिंगपूजाही टाळली. एकावर एक घातलेल्या दोन स्वेटरांवर कोट बसेना म्हणून ते ओरबाडून काढले, कोट चढवला आणि डोंगर बघायला निघून गेले. मागं राहिलेली वळकटी बांधायला सावित्रम्मानं चादर झटकली, तर स्वेटरमधून चांदीची डबी खाली पडली. डोक्यावरून स्वेटर काढताना दोरा त्यातच निघून आला होता.

तिचा हात आधी हाक मारायलाच वर गेला होता. खोटं कशाला बोला. मग तिला चन्नवीरचा उघडा तळहात आठवला आणि तिनं हात खाली घेतला. धुतल्या फडक्यात डबी गुंडाळून तिनं कमरेला खोचली. रोज सकाळी स्वतःच्या लिंगाबरोबर त्या लिंगालाही ती विभूती लावायची. वैर भावजींशी होतं, शिवाशी नव्हतं.

काठमांडूच्या वाटेवर जेवणाची पंगत बसली तेव्हा हेडमास्तरांचा हात छातीकडे गेला आणि डबी गळ्यात नव्हती. सगळी बस पालथी घातली, प्रत्येकाचं अंथरूण झटकलं, कुणी नदीपर्यंत जाऊन आलं. आचारणीची कमर तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही. शेवटी चाळीस जणांचे डोळे आपल्याकडे लागलेले पाहून हेडमास्तर उठले आणि लिंग मिळेपर्यंत अन्नाचा कण शिवणार नाही, असं जाहीर करून बसले. करतात काय, अंगावर लिंग नाही तो लिंगायत नाही, हा अठरा वर्षांपूर्वी स्वतःच केलेला कायदा होता. बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. बसलिंगप्पा तर म्हणाला की आपल्या बसमध्ये साधू बसलाय.

सावित्रम्मानं त्या संध्याकाळी गव्हाची गोड खीर, हुग्गी केली, वरून तूप सोडलं. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी. लग्न होऊन आली तेव्हापासून भावजींचा जीव कशात आहे ते तिला तोंडपाठ होतं. वाढताना ती त्यांच्या बाकाजवळून सावकाश जायची. त्यांच्या घशाची घाटी खालीवर व्हायची, ते बघून तिला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

नाताळच्या दिवशी दुपारी ती काठमांडूच्या बाजारात आलं आणायला गेली. एका बोळात गोऱ्या, केस वाढवलेल्या पोरापोरींसाठी केक विकणारं दुकान होतं. दाराला रंगीत कागद लावले होते. काचेतून तिनं सहज आत पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून, मफलर डोक्यावर ओढून हेडमास्तर केक खात होते. खात कसले, गिळत होते. ध्यानाला जातो म्हणून बसमधून उतरले होते. ते ध्यान इथं लागलं होतं.

सावित्रम्मा आत गेली आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसली. जन्मात पहिल्यांदाच ती भावजींसमोर खुर्चीवर बसत होती. त्यांच्या मिशीला पांढरी साय लागली होती.

"भावजी, ह्यात अंडं असतंय," ती म्हणाली. "अंगावर लिंग न्हाय आणि पोटात अंडं. तुमच्याच निवाड्यानं आता तुमाला माती कुटं द्यायची, सांगा की."

हेडमास्तरांचा घास तोंडातच राहिला. "सावित्रम्मा," ते म्हणाले. अठरा वर्षांत तिचं नाव त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. "कुणाला सांगू नकोस. मी हात जोडतो."

तिनं फडक्याचं टोक उलगडून चांदीची कड दाखवली. त्यांनी हात पुढं केला. तिनं फडकं पुन्हा बांधलं.

"शेतात चौथरा बांदा. मग देते."

ते कबूल झाले. न होऊन सांगतात कुणाला? पण परतीचे सहा दिवस बाकी होते आणि साधूचा उपास तर चालूच होता. मग रोज सगळ्यांची पंगत उठली की हेडमास्तर पाय मोकळे करायला बसच्या मागं जायचे. तिथं सावित्रम्मा त्यांच्या हातावर उरलेली भाकरी ठेवायची. ते उभ्यानं खायचे. ती बघत राहायची, शेवटच्या तुकड्यापर्यंत. पाणी मागितलं की म्हणायची, आणते, आणि सावकाश आणायची.

घरी परतल्यावर दोनच दिवसांत शेतात चौथऱ्याचा खड्डा खणला. पशुपतिनाथानं स्वप्नात येऊन सांगितलं, असं हेडमास्तरांनी समाजात सांगितलं होतं. माणसं जमली. सावित्रम्मानं रुद्रभूमीतून मूठभर माती पदरात बांधून आणली होती. खड्ड्यात उतरून तिनं ती ठेवली, वर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की माती सारखी करायचा मान थोरल्या भावाचा.

हेडमास्तर खाली वाकले. माती सारखी करता करता त्यांची बोटं कशाला तरी अडली आणि त्यांचा चेहरा उतरला. हात वर आला तेव्हा त्यात चांदीची डबी होती.

माणसं पुढं सरकली. मग बसलिंगप्पा मोठ्यानं म्हणाला, "नेपाळात हरवलेलं हितं गावलं. चन्नवीरानं दिलं."

हेडमास्तरांनी सावित्रम्माकडे पाहिलं. तिनं गुपचूप डबी हातात द्यावी, असं ठरलं होतं. ती हात जोडून उभी होती. तिला खोटं पाडायचं तर केकचं दुकान सांगावं लागलं असतं. माणसं एकेक करून चन्नवीरच्या मातीला डोकं टेकू लागली, आणि ज्याचं लिंग परत आलं तोच मागं कसा राहणार? हेडमास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कपाळ मातीला लावलं.

आता तिथं दर सोमवारी लोक येतात, बेल वाहतात, आणि चन्नवीरानं थोरल्या भावाचं लिंग कसं परत दिलं ते हेडमास्तरांच्याच तोंडून ऐकतात. त्यांना दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि शेवटी डोकं टेकावं लागतं. सावित्रम्माचा सोमवार कधी चुकत नाही. नवऱ्याला नमस्कार ती घरीही करते. शेतात जाते ती भावजींना वाकताना बघायला, आणि ते घाईनं उठू लागले की हळूच म्हणते, "भावजी, कपाळ नीट टेकलं न्हाय."